होडीला आतून लावलेलं तेल

बुरोंडीच्या एका तांडेलाच्या होडीचं मशीन मी उंडीच्या तेलावर चालवलं, आणि ते बंद करायच्या आधी तोटी डिझेलकडे फिरवायला विसरलो. तोटी मीच बसवली होती. ती फिरवण्याखेरीज त्या सकाळी मला दुसरं कुठलंही काम नव्हतं.

आता एवढं सांगितल्यावर उंडी म्हणजे काय आणि मी तिथे काय करत होतो हे सांगणं भाग आहे. उंडीचं झाड कोकणात किनाऱ्याला लागून वाढतं. खाली गोल गोल फळं पडतात, बायका ती वेचतात, वाळवतात, फोडतात, आणि आतल्या गराचं घाण्यावर तेल काढतात. हिरवट काळं, दाट, वास असा की एकदा सदऱ्याला लागलं की सदरा बदलावा लागतो. पूर्वी ते दिव्यात जाळत. आणि होडीच्या लाकडाला खारं पाणी लागू नये म्हणून बाहेरून लावत, ते मी होतो तेव्हाही लावत असत.

मी तिथे होतो तो एका संस्थेमुळे. ऐंशी सालानंतरची पहिली काही वर्षं. डिझेल कधी महाग, कधी गायब, आणि हे असंच चाललं तर देशाचं कसं होणार या काळजीनं पुण्यातल्या काही निवृत्त इंजिनियर मंडळींनी झाडांच्या तेलावर पंप, गाड्या आणि होड्या चालवण्याच्या प्रसारासाठी ही संस्था काढली होती. तिचं नाव इतकं लांब होतं की रत्नागिरीच्या पेंटरला ते पाटीत बसवता बसवता शेवटचं अक्षर पाटीच्या कडेवर लिहावं लागलं. मी या संस्थेचा जिल्हा संघटक. वय सव्वीस, गाव घाटावर, कऱ्हाडच्या अलीकडे. समुद्र मी नोकरीला लागेपर्यंत कॅलेंडरवर पाहिला होता. मुलाखतीत मला विचारलं, "कोकणात ओळखी आहेत का?" मी म्हणालो, "पुष्कळ." एकही नव्हती. तिथे पोचल्यावर करून घेऊ, असा माझा हिशेब होता.

सायकलच्या दुकानावरची एक खोली, एक टेबल, एक खुर्ची, पत्रकांचे गठ्ठे आणि मी, एवढी ती शाखा. संघटक होतो, पण संघटना करायला दुसरा माणूस लागतो, तो नव्हता. पहिल्या महिन्यात संगमेश्वरच्या आतल्या एका वाडीत गेलो. खांद्याला पिशवी, हातात छापील कागद बघून मला लोकांनी कुटुंब नियोजनवाला ठरवलं. जे काही पुरुष मुंबईला गेले नव्हते ते मागच्या दारानं रानात गेले. एक म्हातारे तेवढे पडवीत बसून राहिले. मी पत्रक पुढे केलं तर म्हणाले, "माझं काय आता नियोजन करताय? पन्नास वर्षं उशीर केलात." मी त्यांना करंजाच्या तेलावर पाण्याचा पंप कसा चालतो ते पाऊण तास सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे ऑपरेशन नाय ना?"

दापोलीजवळच्या मुरुडला शाळेत व्याख्यान ठेवलं होतं. एकच गृहस्थ आले, पहिल्या बाकावर बसले, शेवटपर्यंत हलले नाहीत. मला भरून आलं. एका श्रोत्यासाठी मी दीड तास बोललो. संपल्यावर त्यांचे आभार मानायला गेलो तेव्हा कळलं की शाळेची किल्ली त्यांच्याकडे होती आणि कुलूप लावल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नव्हतं.

दिवसभर मी बोलत असे. माझ्याशी मात्र कुणी बोलत नसे. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे मला रत्नागिरीत कळलं. माणसं ऐकत, मान हलवत, चहा देत, पण "तुमचं कसं चाललंय?" असं विचारण्याचं कारण कुणाला नव्हतं. रविवारी तर पत्रकं वाटायचीही सोय नसे. मग मी एसटी स्टँडवर जाऊन बसायचो, कुणाला तरी पोचवायला आल्यासारखा. एकदा एका बाईंनी मला त्यांच्या बोचक्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि त्या चौकशीच्या खिडकीकडे गेल्या. ती दहा मिनिटं मी त्या बोचक्यावर अशी नजर ठेवली की परत आल्यावर त्यांनाच माझा संशय आला. गाडी सुटली की मी हात हलवायचो. गाडीतून कुणी ना कुणी हात हलवतंच. माणसं गोंधळात असतात, आपल्यालाच कुणीतरी करतंय असं समजून उलट करतात. खोलीवर परतताना तेवढं पुरायचं.

असा मी बुरोंडीला पोचलो. रत्नागिरीहून दापोली आणि तिथून बुरोंडी, म्हणजे अख्खा दिवस एसटीत जातो. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, पंधरा-वीस माणसं जाळी विणत बसलेली. मी माझं भाषण सुरू केलं. परदेशातलं तेल, देशातली झाडं, आपलं इंधन आपल्या दारात. दारात म्हणजे खरोखरच दारात, पाठीमागे उंडीची झाडं होती. ते ऐकून एक काटकुळा माणूस म्हणाला, "ते तेल आम्ही होडीला बाहेरून लावतो. मास्तर काय आतून लावणार?"

सगळे हसले. तो माणूस तांडेलाचा मेहुणा होता, आणि त्याच्याच होडीवर मशीन सांभाळायला होता, हे मला नंतर कळलं. तांडेल मात्र हसला नाही. पन्नाशीचा, बुटका, मिशा पिकलेल्या. तो होडीचा मालकही होता आणि ती हाकणाराही. त्यानं जाळ्यातून मान वर केली आणि विचारलं, "जेवलात काय मास्तर?"

मी नाही म्हणालो. त्यानं जाळं बाजूला ठेवलं आणि मला घरी नेलं. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं. मला काटे काढता येत नव्हते. मी मासा शिताफीनं खातोय असं दाखवायला गेलो आणि दुसऱ्याच घासाला ठसका लागला. काकींनी, म्हणजे तांडेलाच्या बायकोनं, माझं ताट ओढून घेतलं, काटे काढले आणि ताट परत दिलं. "घाटावर काय शेपूट धरून खातात काय?" एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मी दर पंधरवड्याला बुरोंडीला जायला लागलो. जिल्ह्यात इतर गावं नव्हती असं नाही. दौऱ्याच्या कागदावर मी लिहायचो, "किनारपट्टीत विशेष वाव." विशेष वाव म्हणजे ते घर. त्या पडवीत मी मुक्काम करायचो, आणि सगळ्या जिल्ह्यात तेवढं एकच दार होतं जिथे मी दिसलो की आतून "जेवलास काय?" असं यायचं. तिसऱ्या खेपेपासून तुम्हीचं तू झालं होतं. पण मी पडलो संघटक. कामाशिवाय कुणाच्या दारात जायचं कसं? दर वेळी पिशवीत तीच पत्रकं असायची आणि मी ती दर वेळी तांडेलाला नव्यानं समजावून द्यायचो. तो माणूस एकच पत्रक सहा वेळा ऐकून घेत असे.

सातव्या वेळी मात्र तो किनाऱ्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, इतकं सांगतोस तर माझ्या होडीत करून दाखव."

मेहुणा म्हणाला, "भावोजी, होडी तुमची हाय, पण त्यात मी पण असतो."

"तू पोहतोस ना?" तांडेल म्हणाला.

मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. हे साधलं तर त्या घरात यायला मला कायमचं निमित्त मिळणार होतं. फसलं तर ते एकमेव दार बंद होणार होतं. संस्थेचं, देशाचं, परदेशी तेलाचं काय व्हायचं ते होवो, माझं जे काही पणाला लागलं होतं ते एवढंच होतं.

तेल मी स्वतः चार पदरी कापडातून गाळलं. होडीत डिझेलच्या टाकीशेजारी एक वेगळा डबा बसवला आणि दोन्हीकडे फिरणारी तोटी लावली. पद्धत साधी होती. मशीन डिझेलवर सुरू करायचं. ते तापलं की तोटी उंडीकडे. आणि बंद करण्याच्या दहा मिनिटं आधी तोटी परत डिझेलकडे, म्हणजे नळीतलं, नोझलमधलं दाट तेल धुऊन निघतं. तसं केलं नाही तर मशीन निवल्यावर तेल आत घट्ट बसतं आणि मशीन पुन्हा सुरू होत नाही. हे सगळं मी लाल शाईनं एका पुठ्ठ्यावर लिहून डब्याच्या वर खिळ्यानं ठोकलं होतं. डब्याला जागा हवी म्हणून अडचणीला लागणारं शीडही मीच घरी ठेवायला लावलं. "आता कशाला लागतंय?" असं म्हणालो होतो, हे मला चांगलं आठवतं, कारण मेहुण्यानं ते मला पुढे अनेकदा ऐकवलं.

माघातली सकाळ. हवेत गारवा. तांडेल सुकाणूवर, मेहुणा मशीनशी, आणखी दोन खलाशी पुढे, आणि मी तोटीपाशी. किनारा मागे पडल्यावर मी तोटी उंडीकडे फिरवली. मशीननं एकदा खोकून घेतलं, मग नीट चालायला लागलं. मागे निळसर धूर, देवघरात वात विझल्यावर येतो तसा वास. मेहुण्यानं नाक दाबलं, पण मशीनवरचा हात काढला नाही. पाऊण तास होडी उंडीच्या तेलावर गेली. हे खरं आहे, कुणी विचारलं तर मी अजून शपथेवर सांगेन.

मग तांडेलानं सुकाणू काखेत धरलं, विडी पेटवली आणि मला विचारलं, "घरी कोण कोण असतं रे तुझ्या?"

आठ महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगायला लागलो. वडील असतात, आई लहानपणीच गेली, भावाशी बोलणं नाही. तो म्हणाला, "लग्न?" मी म्हणालो, जमलं होतं, मोडलं. "का?" मग मी ते सविस्तर सांगितलं. मुलीचे वडील मला म्हणाले, तुम्ही तेल विकता का? मी म्हणालो, नाही. पंप विकता? नाही. मग काय करता? मी म्हणालो, प्रचार करतो. ते म्हणाले, कुठल्या पक्षाचा? मी म्हणालो, उंडीचा. त्यांनी सुपारी पुढे केली आणि बैठक उठली.

तांडेल इतका हसला की विडी पाण्यात पडली. खलाशी हसले. मेहुणासुद्धा हसला. मी उठून उभा राहिलो आणि त्या गृहस्थांची नक्कल करून दाखवली, मुलीच्या मामाची केली, नंतर बैठकीत नसलेल्या दोन-तीन माणसांचीही केली. तांडेल मध्येच म्हणाला, "मास्तर, आता पोचतोच हां." मी म्हणालो, "हो हो, पण पुढचं ऐका." पुढे तसं काही नव्हतं, ते मी तिथल्या तिथे रचत होतो. माझी पाठ त्या लाल अक्षरांच्या पुठ्ठ्याला टेकलेली होती. मेहुण्यानं मशीन बंद केलं.

जाळं टाकलं. तीन तास थांबलो. जाळं ओढलं. पकड चांगली होती. मेहुण्यानं हँडल मारलं. मशीन गप्प. परत मारलं. मग एका खलाशानं मारलं, मग दुसऱ्यानं. मी वळून पाहिलं तेव्हा तोटी उंडीकडेच होती.

इथे खरं तर मी तोंड उघडायला हवं होतं. पण मी कपाळाला आठ्या घालून म्हणालो, "हवेतल्या दमटपणाचा परिणाम असू शकतो." अर्धा तास मी दमटपणावर बोललो. मधूनमधून हँडलही मारलं. शेवटी तळहाताची साल निघाली आणि धीर सुटला. मी म्हणालो, "काका, तोटी फिरवायची राहिली."

 मेहुण्याकडे बोलायला किती होतं, पण तोही गप्प राहिला, आणि तेच मला सोसवेना. तांडेल शीड ठेवायच्या जागेकडे बघत होता. तिथे माझा डबा होता.

दुपार कलल्यावर शेजारच्या वाडीतली एक होडी दिसली. दोर टाकला. त्यांनी विचारलं, "काय झालं रे?" आणि मेहुण्यानं एवढा वेळ धरून ठेवलेलं सोडलं. "मास्तरानं होडीला आतून तेल लावलं!" पाण्यावर आवाज लांब जातो. ओढून आणणाऱ्या होडीला आपल्या पकडीतले चांगले मासे द्यायचे ही तिथली रीत. कुणी मागत नाही आणि कुणी विसरत नाही. तांडेलानं स्वतः निवडून दिले. किनाऱ्याला लागलो तेव्हा मासे नेणारा टेम्पो केव्हाच गेला होता. उरलेले काकींनी खारवायला घेतले. त्यांनी मान वर केली नाही. मी पिशवी उचलली आणि शेवटची एसटी धरली. मला कुणी जा म्हणालं नव्हतं. थांब असंही कुणी म्हणालं नव्हतं.

हर्णैहून मेस्त्री आला, नोझल खोलून रॉकेलनं धुतलं, चार दिवस होडी किनाऱ्यावर राहिली, हे मला पुढे कळलं. रत्नागिरीला आल्यावर मी पुण्याला अहवाल लिहिला. दर महिन्याच्या छापील कागदात "प्रतिसाद" असा रकाना असे आणि मी त्यात "उत्साहवर्धक" लिहीत असे. या वेळी खरं लिहिलं. तेल चांगलं आहे, संघटक बिनकामाचा आहे, त्यानं एका भल्या माणसाची होडी समुद्रात उभी केली, आणि तो आता त्या गावाला तोंड दाखवू शकत नाही. दोन पानं झाली. त्या दोन पानांइतकं मी रत्नागिरीत कुणाशी बोललो नव्हतो. आठवड्यानं उत्तर आलं, सायक्लोस्टाइल केलेलं, तारीख तेवढी हातानं भरलेली. "आपला उत्साहवर्धक अहवाल मिळाला. कार्य असेच पुढे न्यावे."

ते पत्र मी टेबलावर ठेवलं आणि त्या रविवारी एसटी स्टँडवर गेलो. हात मात्र कुणालाच हलवला नाही.

पाच आठवडे मी बुरोंडीचं नाव काढलं नाही. पण तो डबा आणि ती तोटी संस्थेची होती आणि होडीत अजून होती. ती काढून आणणं माझं कर्तव्य आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. वाटेत सबंध दिवसभर माफीचं भाषण पाठ केलं. पोचलो तेव्हा होडी किनाऱ्यावरच होती. मी कुणाला न सांगता आत चढलो आणि पान्यानं नट काढायला लागलो. खाऱ्या हवेनं ते गंजले होते. एक नट काढायला मला इतका वेळ लागला की खाली माणसं जमली, बघून गेली.

डबा काखेत घेऊन मी पडवीशी गेलो. तांडेल जाळं दुरुस्त करत बसला होता, मेहुणा खांबाला टेकून. काकी दारात होत्या. कुणी बस म्हणालं नाही. मी उभ्या उभ्या सुरुवात केली, "संस्थेच्या वतीनं मी मनापासून दिलगिरी..."

"संस्थेत कोण कोण हाय?" तांडेलानं विचारलं.

"इथे मीच."

"मग तू बोल."

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, "काका, चुकलं. तुमची चार दिवसांची मासेमारी बुडवली. आता हे तेलाचं काम इथे होणार नाही, मग मी परत यायचं काही कारण उरलं नाही, म्हणून डबा न्यायला आलो."

मेहुणा म्हणाला, "कारण नाय म्हणतो. डब्याला नट केवढे मारलेत बघा, दोन तास काढत होता."

काकी आत गेल्या. आत भांडं वाजलं. तांडेलानं जाळ्यातली गाठ दातानं तोडली, धागा थुंकला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मेल्या, तुला बोलायला माणूस हवा होता," तो म्हणाला, "तर नुसता यायचास. माझं मशीन कशाला बिघडवलंस?"